मॅडम नोव्हेंबरात निवृत्त होताहेत. त्यांच्या ३८ मुलांचं काय करायचं?

पत्र

आमचं तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय आहे. मी मेंटॉर योजनेची समन्वयक, म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे काही मुलांची पालकासारखी जबाबदारी द्यायची ती योजना. रसायनशास्त्राच्या एक मॅडम ३० नोव्हेंबरला निवृत्त होताहेत. त्यांच्याकडे बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची ३८ मुलं आहेत, त्यांत २१ मुली. मुलं मॅडमना फार धरून आहेत. शिष्यवृत्तीपासून घरच्या भांडणापर्यंत सगळं त्यांनाच सांगतात. प्राचार्यांचं म्हणणं असं की मुलगे भौतिकशास्त्राच्या तरुण सरांकडे द्या आणि मुली तासिका तत्त्वावरच्या एका मॅडमकडे. सरांची ओळख करून द्यायला सगळ्यांना सेमिनार हॉलमध्ये बोलावलं, तर अकराच आली. “काही अडचण आहे का?” या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर, “नाही सर.” हातात पाच आठवडे आहेत, त्यातच दिवाळी आणि परीक्षा. कुठून सुरुवात करू? शिवाय मॅडमच्या डायरीत मुलांच्या खासगी गोष्टी लिहिलेल्या आहेत. ती डायरी नव्या मेंटॉरना द्यायची का?

— मेंटॉर समन्वयक, जि. धाराशिव

उत्तर

सुरुवात ओळखीपासून करू नका, अडकलेल्या कामांपासून करा.

मुलं मॅडमना धरून आहेत याचं कारण मॅडम प्रेमळ आहेत एवढंच नसतं. त्यांच्याकडे गेलं की काम होतं, हा मुलांचा दीड वर्षाचा अनुभव आहे. नव्या सरांबद्दल तसा अनुभव हॉलमधल्या भाषणातून येणार नाही. सरांच्या हातून एखादं काम झालं तरच येईल. मेंटॉर बदलताना मुलांचं खरं नुकसान होतं ते अर्ध्यावर राहिलेल्या गोष्टींमध्ये. “मी बघते, तू पुढच्या आठवड्यात ये,” असं मॅडमनी कुणाला तरी म्हटलेलं असतं, तो पुढचा आठवडा १ डिसेंबरनंतर येतो आणि तोवर ते कुणाच्याच लक्षात नसतं.

पाच आठवड्यांतून दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेचे दिवस वजा केले तर कामाचे दिवस पंधराच्या आसपास उरतील. ते असे वापरा.

पहिले तीन दिवस: यादी आणि ड्रॉवर

मॅडमच्या यादीतली ३८ नावं कार्यालयाच्या हजेरीपटाशी ताडून घ्या. दाखला काढून गेलेली एक-दोन मुलं मेंटॉरच्या यादीत वर्षभर तशीच राहतात आणि उशिरा प्रवेश घेतलेलं एखादं मूल कुणाच्याच यादीत नसतं.

मग मॅडमबरोबर दोन तास बसा आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: याचं किंवा हिचं तुमच्याकडे काय बाकी आहे? ज्यांचं काही बाकी नाही त्यांच्यावर या घडीला वेळ घालवू नका. ज्यांचं बाकी आहे त्यांच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: काम काय, शेवटची तारीख कोणती, आणि महाविद्यालयात ते कोणाच्या टेबलावर आहे.

आता मॅडमचा ड्रॉवर. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण मेंटॉर बदलताना सर्वांत जास्त कागद इथेच हरवतात. गैरहजेरीसाठी दिलेली डॉक्टरांची प्रमाणपत्रं, पालकांची संमतीपत्रं, सहीसाठी दिलेले अर्ज, “मॅडम, तुमच्याजवळ असू दे” म्हणून ठेवलेली मूळ गुणपत्रिका. मूळ कागद मुलांना परत द्या आणि यादीवर त्यांची सही घ्या. ज्यावर निर्णय व्हायचा आहे असे अर्ज कार्यालयात आवक क्रमांक घालून जमा करा. नव्या सरांच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठा हलवणं म्हणजे सोपवणं नव्हे. ७५ टक्के हजेरीच्या अटीत अडकलेल्या मुलासाठी ते वैद्यकीय प्रमाणपत्र कार्यालयात वेळेवर पोचलेलं असणं हाच सगळा फरक असतो.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं नेमकं काय अडकतं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आला आणि संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. त्यामुळे मेंटॉरचं काम वाढलं, आणि मेंटॉर बदलला तर सुटून जाणाऱ्या गोष्टीही वाढल्या. प्रत्येक मुलासाठी पुढच्या गोष्टी मॅडम असतानाच तपासून घ्या.

क्रेडिट आधी, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर त्याच्या तासांच्या हिशेबाने खात्यात जमा होणारे अंक. वर्षाला ४० ते ४४, म्हणजे सत्राला २० ते २२. पहिल्या दोन सत्रांत मुलाने मिळवलेले क्रेडिट आणि मिळायला हवे होते ते क्रेडिट शेजारीशेजारी लिहा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या, खात्यात ते दिसतात का हेही मुलाला त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा. दिसत नसतील तर अनेकदा आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसतं. कुठे वडिलांचं नाव गळालेलं असतं, कुठे आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असतं. ही दुरुस्ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटी करायला गेलं की दमछाक होते.

अनुत्तीर्ण विषय. पहिल्या सत्राचा विषय राहिलेल्या मुलाने परीक्षा अर्ज भरला असेल, पण प्रवेशपत्रावर तो जुना विषय छापून आलाय का हे कुणी बघत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं तर मूल सवयीने मॅडमना फोन करणार, आणि मॅडम निवृत्तीच्या कागदपत्रांत असणार. प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी या मुलांना एकत्र बसवून विषयांचे कोड ताडून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. तिसऱ्या-चौथ्या सत्रात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे दोन-दोन क्रेडिट असतात. तुमच्या विद्यापीठाचा क्रम थोडा वेगळा असेल तर परिपत्रक बघून घ्या. प्रत्यक्ष कामाला एका क्रेडिटमागे ३० तास धरले जातात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. या कामाला ना वर्ग असतो ना वेळापत्रक. मार्गदर्शकाची सही, तासांची नोंदवही, अहवाल आणि अंतर्गत गुण एवढ्यावर ते चालतं. मार्गदर्शक मॅडमच असतील तर दोन गोष्टी बिघडतात. ३० नोव्हेंबरपर्यंत झालेल्या तासांवर सही राहते आणि डिसेंबरात नवे सर म्हणतात, मी पाहिलेलं नाही, मी कशी सही करू? त्यांचंही बरोबरच असतं. दुसरं म्हणजे अंतर्गत गुण भरण्याची मुदत निवृत्तीनंतरची असते आणि गुणांचा तक्ता मॅडमच्या घरी असतो. म्हणून २० नोव्हेंबरपर्यंत नोंदवह्या मागवा, झालेल्या तासांवर मॅडमची तारखेसह सही घ्या, त्याखाली “पुढील तास क्र. … पासून नवीन मार्गदर्शक” अशी एक ओळ लिहून सरांचीही सही घ्या. अंतर्गत गुण बंद पाकिटात विभागप्रमुखांकडे. चौथ्या सत्राच्या कामाचे मार्गदर्शक कोण, हे आत्ताच ठरवा. ते मेंटॉरच असले पाहिजेत असं नाही. वनस्पतीशास्त्राच्या मुलांना भौतिकच्या सरांकडे प्रकल्पासाठी पाठवण्यात दोघांचेही हाल आहेत.

शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरण म्हणून भरावा लागतो, आणि छाननीत त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. मुलाने लॉगिन उघडलंच नाही तर अर्ज तिथेच पडून राहतो. “मी अर्ज भरलाय” हे उत्तर पुरेसं धरू नका, अर्जाची आजची स्थिती स्क्रीनवर बघा. सोबत उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत आणि आधारशी जोडलेलं बँक खातं कोणतं, हेही विचारा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मुलाने अर्जासोबत एका बँकेचं पासबुक दिलेलं असतं आणि आधार जोडलेलं असतं आईबरोबर कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला, ही नेहमीची गोष्ट आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांचे वर्षाला १२० तास कार्यक्रम अधिकारी बघतात, ते मेंटॉरच्या डोक्यावर घेऊ नका.

सोपवण्याचा कागद: एक मूल, एक पान

नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), गाव, येण्या-जाण्याचं साधन आणि परतीच्या एसटीची वेळ, मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), मिळालेले व राहिलेले क्रेडिट, अनुत्तीर्ण विषय, शिष्यवृत्तीची स्थिती, प्रकल्पाचे मार्गदर्शक, आणि खाली “बाकी काम” हा रकाना. एसटीची वेळ कशाला, असं वाटेल. सरांनी साडेचारला भेट ठेवली आणि मुलीची शेवटची गाडी चार वाजून दहा मिनिटांची असली, तर ती येणार नाही आणि कारणही सांगणार नाही. सरांच्या वहीत मात्र “बोलावूनही आली नाही” अशी नोंद होईल.

फोन क्रमांकापुढे तो कुणाचा आहे ते लिहा. दिलेला क्रमांक अनेकदा वडिलांचा किंवा भावाचा असतो. अशा फोनवर “तुझे दोन विषय राहिले आहेत” हे वाक्य बोलायचं नसतं, फक्त “उद्या येऊन भेट” एवढंच.

पानावर काय लिहायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. विशेषणं लिहू नका. “आळशी”, “हुशार पण लक्ष नाही”, “घरची परिस्थिती विचित्र” असे शब्द वाचले की नव्या मेंटॉरला आधी तो शेरा दिसतो, मूल नंतर. त्याऐवजी दिसलं ते लिहा: “ऑगस्टपासून सोमवारी गैरहजर; सोमवारी आठवडी बाजार, वडिलांचं दुकान असतं.” या एका ओळीवरून काय करायचं ते सरांना कळतं. सोमवारचं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचला हलवता येईल का, हे ते विभागात विचारू शकतात. “आळशी” या शब्दावरून काहीच करता येत नाही.

मुली एकीकडे, मुलगे एकीकडे: हे करू नका

प्राचार्यांचा हेतू चांगला आहे, पण या योजनेत एक उघड दोष आहे. तासिका तत्त्वावरच्या मॅडमची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती. पुढच्या वर्षी त्या असतील की नाही, असल्या तरी सप्टेंबरपर्यंत रुजू होतील की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही. म्हणजे ज्या २१ मुलींनी आत्ता एक मेंटॉर गमावल्या, त्या सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गमावणार, आणि तेही तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर. दुसऱ्या वेळी त्या पुन्हा कुणाशी बोलायला जाणार नाहीत. शिवाय तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या व्यक्तीला तासाबाहेरचं काम फुकट सांगायचं, हेही बरं दिसत नाही.

नियमित सरांना सगळ्या ३८ जणांचे मेंटॉर करा. आकडा मोठा वाटत असेल तर दुसऱ्या नियमित प्राध्यापकांना त्यातली १८ द्या, मात्र वाटणी मुलगा-मुलगी अशी न करता गावाच्या बसमार्गाप्रमाणे किंवा प्रॅक्टिकल बॅचप्रमाणे करा. एका गाडीने येणारी मुलं एकमेकांना निरोप देतात, ते फार उपयोगी पडतं. मुलींसाठी एका नियमित महिला प्राध्यापकांचं नाव सहमेंटॉर म्हणून त्याच आदेशात जाहीर करा; तासिका तत्त्वावरच्या मॅडमना मदत करायची असेल तर आनंदाने, पण जबाबदारी त्यांच्या नावावर नको. सगळ्या मुली महिला शिक्षकांकडे अशी प्रथा एकदा पडली की महाविद्यालयातल्या चार महिला प्राध्यापक वाकून जातात आणि बाकीच्यांना वाटतं आपण सुटलो.

आणखी एक सोय ठेवा. पहिल्या महिन्यात कोणत्याही मुलाला किंवा मुलीला कारण न सांगता एकदा मेंटॉर बदलून मिळेल, अर्ज समन्वयकांकडे, दोन ओळींचा. फार थोडी मुलं ही सोय वापरतील, पण ती आहे म्हटल्यावर बाकीच्यांचाही ताण उतरतो. सरांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर पहिलाच अर्ज आला की त्यांना तो अपमान वाटेल.

लैंगिक छळाची तक्रार मेंटॉरच्या वाटेने जात नाही. ती अंतर्गत तक्रार समितीकडे जाते, आणि समितीच्या सदस्यांची नावं व क्रमांक फलकावर असायलाच हवेत. नव्या मेंटॉरना ही नावं तोंडपाठ हवीत.

ओळख: सहा-सहा जणांची, आणि काहींची तिघांत

ज्यांचं काम अडकलंय अशी समजा आठ मुलं निघाली. त्यांच्यासाठी मॅडम, सर आणि ते मूल अशी तिघांची १५ मिनिटांची भेट. उरलेल्या ३० जणांचे सहा-सहांचे पाच गट, प्रत्येकी २५ मिनिटं. एकूण हिशेब चार तासांच्या थोडा वर जातो. तीन-चार दिवसांत प्रॅक्टिकलला जोडून हे सहज बसतं. जागा सेमिनार हॉल नको. प्रयोगशाळेतलं टेबल किंवा ग्रंथालयाचा कोपरा चालेल. मुलं तिथे आधीच असतात, त्यामुळे वेगळं बोलावणंही लागत नाही.

तिघांच्या भेटीत मॅडमनी काय बोलायचं ते ठरवून घ्या. “सर फार चांगले आहेत” याने काही होत नाही. असं बोला: “तुझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलाय ते मी सरांना सांगितलंय. त्यांनी कार्यालयात विचारून ठेवलंय, उत्पन्नाचा नवा दाखला लागेल. दाखला घेऊन तू मंगळवारी त्यांच्याकडे जायचं.” काम, माणूस आणि वार, तिन्ही एका वाक्यात आलं पाहिजे. खासगी विषय असेल तर मॅडमनी भेटीआधी मुलीला बाजूला घेऊन विचारायचं: “घरचं तू मला जे सांगितलंस ते सरांना सांगायचं का? मी सांगू, तू सांगशील, की नकोच?” तिसरं उत्तरही मान्य करायचं. “नको” म्हणणाऱ्या मुलीचं गुपित मॅडमकडेच राहिलं हे तिला कळलं, तर दोन महिन्यांनी ती स्वतःच सरांशी बोलण्याची शक्यता जास्त.

आणि हे निरोप समारंभात उरकू नका. हार-नारळ, रडारड, फोटो या गडबडीत “आता तुमचे मेंटॉर हे सर” असं माइकवरून सांगितलं तर मुलांच्या मनात सर म्हणजे मॅडमची जागा घेणारा माणूस, हेच बसतं.

सरांचा पहिला महिना

सरांनी पहिल्या सात दिवसांत त्या आठांपैकी निदान चौघांचं एकेक काम पूर्ण करून द्यावं, कितीही छोटं असो. बोनाफाइड मिळवून देणं, बसच्या सवलतीच्या पासच्या अर्जावर सही शिक्का, ग्रंथालयाचं अडलेलं कार्ड. ही बातमी बाकीच्या ३४ जणांपर्यंत बसमध्येच पोचते.

आठवड्यात दोन ठरलेले तास, समजा मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी बारा ते एक. त्या वेळी सर जागेवर हवेतच. बैठक लागली तर दारावर चिठ्ठी: “आज नाही, उद्या साडेअकराला.” सुरुवातीला मूल दोनदा येऊन परत गेलं तर तिसऱ्यांदा येत नाही.

“काही अडचण आहे का?” हा प्रश्न सरांनी बंदच करावा. त्याला “नाही” हेच उत्तर असतं, कारण “आहे” म्हणायचं तर अनोळखी माणसापुढे स्वतःची कमी बाजू उघडी करावी लागते. उत्तर देता येईल असं विचारायचं. जर्नलची किती प्रॅक्टिकल तपासून राहिलीत? मायनरच्या तासाला कोण शिकवतं? कालची गाडी चुकली का? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला खरी गोष्ट आपोआप येते.

सर भौतिकशास्त्राचे आहेत याची फार चिंता नको. मेंटॉरने रसायनाचं गणित सोडवायचं नसतं. कुठलं काम कुणाकडे, हे त्याला माहीत असलं पाहिजे: परीक्षा विभाग, शिष्यवृत्तीचे लिपिक, ग्रंथपाल, प्रत्येक विषयातला एक शिक्षक. ही नावं एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली की झालं.

मॅडमनी दिलेला एखादा सल्ला सरांना पटणार नाही, हेही होणार. “हा मायनर का घेतलास? कुणी सांगितलं?” असं म्हटलं की मूल मॅडमच्या बाजूने उभं राहतं आणि सरांचं ऐकणं थांबवतं. “हे कसं ठरवलंस ते सांग” असं विचारावं. सल्ला खरंच चुकलेला निघाला तर विद्यापीठाचं परिपत्रक समोर ठेवावं, बदलाची मुदत असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज करून घ्यावा, आणि मॅडमचं नाव त्यात आणू नये.

व्हॉट्सॲपचा नवा गट करू नका. नव्या गटात निम्मी मुलं येतच नाहीत आणि सूचना दोन ठिकाणी फिरतात. जुन्या गटात सरांना घ्या, त्यांना ॲडमिन करा, १५ डिसेंबरपर्यंत मॅडम गटात राहतील पण सूचना सर देतील. मग मॅडमनी निरोपाचा एक संदेश टाकून बाहेर पडावं.

मॅडमना येणाऱ्या फोनचं मात्र अवघड आहे. निवृत्तीनंतर मुलं फोन करणारच आणि मॅडमना नाही म्हणवणार नाही. त्यांनी गप्पा जरूर माराव्यात, पण काम करून देऊ नये: “हे सरांकडे ने. तू उद्या येणार आहेस असं मी त्यांना कळवते.” आणि खरंच कळवावं. मॅडमच घरून कार्यालयात फोन करून कामं करत राहिल्या तर मार्चपर्यंत एकही मूल सरांच्या दाराशी जाणार नाही.

जी आलीच नाहीत

हॉलमध्ये न आलेल्या २७ जणांना नोटीस काढू नका. त्यांत बहुतेकांची गाडी होती किंवा त्यांना त्यात काही मिळेलसं वाटलं नाही. ती गटाच्या भेटीत येतील. तरीही न येणाऱ्या तीन-चार जणांकडे सरांनी स्वतः प्रॅक्टिकलच्या वेळी जावं. तिथेही नसतील तर वर्गमित्राला विचारावं. दुकानात काम, उसाचा हंगाम, ठरलेलं लग्न, किंवा अनुत्तीर्ण झाल्याची लाज, यांपैकी काहीतरी निघतं.

शिक्षण सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलाला “सोडू नको” एवढंच सांगून भागत नाही. नियम सांगा. पहिल्या वर्षाचे ठरलेले सगळे क्रेडिट (४० ते ४४) पूर्ण असतील आणि ठरवून दिलेला ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. पण पहिल्या वर्षाचा एक जरी विषय राहिला असेल तर ते भरत नाहीत आणि हातात काहीच येत नाही. हे कळल्यावर काही मुलं निदान तो विषय काढण्यापुरती तरी थांबतात, आणि ते थोडं नाही.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा एखाद्या मुलाने केली असेल तर त्याचा या पाच आठवड्यांच्या वेळापत्रकाशी संबंध नाही. त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता, समुपदेशक किंवा जवळचं रुग्णालय. टेलिमानस १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. अशा वेळी “कुणाला सांगू नका” हे वचन मॅडमनी दिलं असलं तरी ते पाळायचं नसतं. हीच गोष्ट अठरा वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक अत्याचाराची. पॉक्सो कायद्यात ते कळवणं सक्तीचं आहे.

आणि डायरी

डायरी सरांना देऊ नका. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत तर नकोच. तिथे भेटींच्या तारखा आणि विषय पुरेसे असतात. मॅडमनी स्वतः बसून तिच्यातल्या शैक्षणिक नोंदी त्या एका पानावर उतरवाव्यात. मुलाने होकार दिलेली खासगी बाब एका ओळीत, “घरच्या अडचणीमुळे संध्याकाळचे तास शक्य नाहीत” इतकीच; अडचण कोणती ते नाही. बाकीची डायरी त्यांनी घरी नेऊन फाडून टाकावी. अपवाद एकच: एखाद्या मुलीची तक्रार समितीपुढे किंवा प्राचार्यांपुढे चालू असेल तर तिच्याशी संबंधित पानं फाडायची नाहीत. त्यांच्या प्रती बंद पाकिटात समितीच्या अध्यक्षांकडे द्याव्यात, पोच घ्यावी, आणि मूळ पानं निकाल लागेपर्यंत मॅडमनी जपून ठेवावीत.